महामार्गावरच्या थांब्यात आमच्या गावालाही वाट ठेवा

प्रति,
मुंबई-गोवा महामार्गाचं काम पाहणारे अधिकारी,
आणि आमच्या वेशीवर प्रवासी थांबा उभारणारी कंपनी

स. न. वि. वि.

आमच्या गावाच्या वेशीवर, महामार्गाला लागून, एका मोठ्या साखळी कंपनीचा प्रवासी थांबा उभा राहतो आहे. पेट्रोल पंप, विजेवरच्या गाड्यांचं चार्जिंग, फूड कोर्ट, दुकानं आणि बसगाड्या लागतील एवढं मोठं पार्किंग. आधी पत्र्याचं कुंपण लागलं, मग जेसीबी आले, आता छप्पर चढलं आहे. गणपतीपूर्वी उद्घाटन करायचं आहे, असं कंत्राटदाराची माणसं सांगतात. आम्ही ग्रामपंचायतीत विचारलं तर ‘परवानगी वरून आहे’ एवढंच उत्तर मिळालं. तुमच्या कार्यालयात अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. म्हणून हे पत्र जाहीर लिहिते आहे. गावाचं नाव मुद्दाम घालत नाही. हाच प्रश्न खारेपाटणपासून बांद्यापर्यंत कुठल्याही गावाच्या वेशीवर येऊ शकतो, आणि तिथल्या लोकांनीही तो वेळेत विचारावा असं मला वाटतं.

मी महामार्गाच्या कडेला खानावळ चालवते. सासूबाईंनी ती सुरू केली तेव्हा या रस्त्याचा नंबर १७ होता आणि रस्ता दोनपदरी होता. भात, आमटी, एक भाजी, मिळेल ती मासळी आणि सोलकढी, एवढंच जेवण. ते आजही तसंच आहे. दाराशी एक लांब टेबल आहे. त्यावर आमच्या बचत गटाचं सामान असतं: आगळ (कोकमाचा खारवलेला रस), सोलं (कोकमाच्या वाळवलेल्या साली), कुळथाचं पीठ, आंबापोळी, फणसपोळी, काजूगर, मालवणी मसाला. गटातल्या बायकांच्या घरात वर्षाचा रोख पैसा येतो तो बहुतेक या टेबलावरून. पुढे एक पंक्चरवाला आहे, एक चहाची टपरी, दोन कोकम सरबताचे स्टॉल, एक किराणा आणि एक गॅरेज. तुमच्या नकाशावर ही सगळी मिळून एक ठिपकाही नसेल. गावातली बरीच घरं मात्र याच रांगेवर चालतात.

एक गोष्ट आधीच सांगते. रस्त्यावर थांबा हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मुंबईहून रात्रभर बसून येणाऱ्या बायकांचे हाल मी रोज पाहते. कितीतरी जणी संकोचत आत येतात, आधी चहा मागवतात आणि मग हळूच विचारतात. आम्ही घरातलं न्हाणीघर आणि संडास त्यांच्यासाठी उघडं ठेवलं आहे, त्याचे पैसे कधी घेतले नाहीत. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, तेव्हा वाटेत थांबायला पुरेशा सोयी नाहीत म्हणून केवढी ओरड झाली होती. ती रास्तच होती. ट्रकवाल्याला झोप आली तर गाडी बाजूला लावायला सुरक्षित जागा पाहिजे, लहान मुलाला दूध पाजायला आडोसा पाहिजे. हे सगळं तुमच्या थांब्यात मिळणार असेल तर ते होऊ द्या.

पण हा थांबा ज्या रीतीने येतो आहे, ती आम्हाला मान्य नाही.

अधिकारी लोक आम्हाला समजावताना मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेचं उदाहरण देतात. तिथे फूड मॉल झाले, लोकांची सोय झाली, तुमच्याकडेही तसंच होईल, असं सांगतात. तो रस्ता आणि आमचा रस्ता यांत मोठा फरक आहे. एक्स्प्रेसवे बहुतांशी नवा आखलेला रस्ता आहे. २००२ मध्ये तो पुरा झाला तेव्हा खोपोली, लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगावातून जाणारा जुना महामार्ग जागेवरच राहिला. गाड्या कमी झाल्या असतील, पण रस्ता उरला, दुकानाच्या दारात गाडी लावता येते, लोणावळ्याला चिक्की घ्यायला उतरता येतं. आमच्याकडे जुन्या रस्त्याच्या बाजूला नवा रस्ता झालेला नाही. आमचा जुना रस्ताच रुंद करून त्याचा महामार्ग केला. आमच्या अंगणातली, दुकानांच्या पुढ्यातली, काहींच्या तर माजघरापर्यंतची जागा त्यात गेली. आमच्या खानावळीची पडवी गेली, तिच्यापुढचं चिंचेचं झाड गेलं. आता मध्ये दुभाजक, कडेला उंच गटार, आणि आम्हाला मागे सरकायला दुसरा रस्ता नाही. एक्स्प्रेसवेसाठी जे गणित बसतं ते इथे लावलं तर महामार्ग गावातून जाईल आणि गाव मात्र महामार्गावर नसेल.

तक्रारींतली सगळ्यात मोठी आहे ती मिडलकटची, म्हणजे दुभाजकात गाडी वळवायला ठेवलेल्या मोकळ्या जागेची. चौपदरीकरण झाल्यावर आमच्या समोरचा मिडलकट बंद केला. अपघात होतात, हे कारण दिलं, आणि अपघात खरंच होत होते. आम्ही ते मान्य केलं. त्या बदल्यात दोन्ही बाजूंना सर्व्हिस रोड आणि माणसांना, गुरांना जाण्यापुरता भुयारी रस्ता देऊ, असं अधिकाऱ्यांनी सर्वांसमोर सांगितलं होतं. सर्व्हिस रोड एका बाजूला अर्धवट झाला आणि ओढ्याच्या मोरीशी येऊन थांबला. भुयारी रस्ता झालाच नाही. शाळा पलीकडे, रेशन दुकान पलीकडे, मुंबईकडे जाणाऱ्या एसटीचा थांबा पलीकडे. आमच्या गटातली एक आजी रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, पाटी डोक्यावर घेऊन दुभाजकावर चढते, तिथे उभी राहून दुसऱ्या बाजूच्या गाड्यांचा अंदाज घेते आणि मग धावत खाली उतरते. मागे एकदा पाहणीला साहेब आले होते. त्यांना तिने विचारलं, “ह्यो रस्तो आमी खयसून ओलांडूचो?” साहेबांनी वहीत लिहून घेतलं. पुढे काही झालं नाही.

धंद्याचं म्हणाल, तर गोव्याकडून येणारी गाडी आमच्यासमोर सावकाश होते, आतलं कुणीतरी पाटीकडे बोट दाखवतं, मग मधला दुभाजक दिसतो आणि गाडी निघून जाते. हे रोजचं आहे. गाडी वळवून यायचं तर पुढे बरंच अंतर जावं लागतं, एवढ्यासाठी कोण येईल? आता नव्या थांब्यासाठी काय चाललं आहे ते पाहा. आत शिरायला वेगळी मार्गिका, बाहेर पडायला वेगळी मार्गिका, आणि त्याच्याच समोर दुभाजक फोडून नवा मिडलकट द्यायचा, अशी आखणी रस्त्यावर चुन्याने झालेली आहे. आमचा मिडलकट सुरक्षेसाठी बंद होतो आणि कंपनीसाठी तिथून थोड्याच अंतरावर तो उघडतो, तेव्हा सुरक्षेचा नियम कुणाला कसा लागतो हे विचारण्याचा हक्क आम्हाला आहे. कंपनीने रीतसर फी भरून प्रवेशाची परवानगी घेतली असेल, तर त्यात गैर काही नाही. पण गावाच्या जाण्या-येण्याची परवानगी कोण मागणार आणि तिची फी कोण भरणार? तो रस्ता तर आमच्याच जमिनीवर आहे.

अतिक्रमणाच्या नोटिसांबद्दलही सांगते. महामार्गाची जमीन मोकळी ठेवण्यासाठी २००२ चा कायदा आहे. त्याच्या आधारे गेल्या उन्हाळ्यात इथल्या सरबतवाल्यांना नोटिसा आल्या आणि त्यांचे स्टॉल उचलले गेले. शहरातल्या फेरीवाल्यांना २०१४ च्या कायद्याने निदान काही संरक्षण आहे, नगरपालिकेने त्यांची नोंद करायची, त्यांना जागा ठरवून द्यायची. तो कायदा ग्रामपंचायतीच्या हद्दीत आमच्या कामाला येत नाही. म्हणजे गावातल्या रस्त्यावर कोकम सरबत विकणाऱ्याला कुणीच वाली नाही. स्टॉल रस्त्याच्या हद्दीत होते हे खरं असेलही. पण हद्दीबाहेर त्यांना जागा दाखवा, हे सांगणारं एकही पत्र त्या नोटिशीबरोबर आलं नाही.

मग थांब्याच्या आत काय विकलं जाणार, हा प्रश्न येतो. कंपनीच्या माणसाने आम्हाला सांगितलं की आत ‘कोकणी मेवा’ नावाचं दालन असेल. चांगली गोष्ट आहे. माल कुणाकडून घेणार, असं विचारल्यावर तो म्हणाला की खरेदी मुख्य कार्यालयातून होते, सगळीकडे एकच पुरवठादार असतो. आमचं दुखणं नेमकं इथे आहे.

आमच्याकडे सोलं कशी होतात ते तुम्हाला सांगते, कारण खरेदी मुख्य कार्यालयातून करणाऱ्याला ते दिसत नाही. रातांबे एप्रिल-मेमध्ये पिकतात. झाडावरून काढून धुऊन ते फोडायचे, बिया आणि गर वेगळा करायचा. साली उन्हात घालायच्या. गरात मीठ घालून जो रस सुटतो, त्यात त्या साली संध्याकाळी बुडवायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात. असं साली काळसर लाल आणि लवचिक होईपर्यंत परत परत करायचं. मधेच वळवाचा पाऊस आला तर धावत जाऊन सगळं आत घ्यायचं, आणि ऊन मिळालं नाही तर बुरशी धरते, माल फुकट जातो. बोटांच्या नखांचा रंग पावसाळा लागला तरी जात नाही. बियांचं तेल काढतो, ते पायांच्या भेगांना लावतात. कोकमाला सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या नावाने २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हापूसला २०१८ मध्ये मिळालं. ही मानांकनं मिळाली ती इथल्या मातीमुळे आणि अशा बायकांच्या हातांमुळे. आता त्याच जिल्ह्याच्या रस्त्यावर, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, कोकणाच्या नावाने एसेन्स आणि रंग घातलेलं सरबत विकलं जाणार असेल आणि आमचं आगळ आत जाऊच शकणार नसेल, तर तो आमच्यावर अन्याय आहे. प्रवाशाचीही ती फसवणूक आहे. तो बिचारा कोकणातली वस्तू म्हणून पैसे मोजतो.

हे मी मनाचं मागत नाही. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२१ मध्ये देशभरात ६०० हून अधिक ठिकाणी प्रवासी सुविधा उभारायचं जाहीर केलं, तेव्हा त्या सुविधांच्या यादीत इंधन, चार्जिंग, फूड कोर्ट, स्वच्छतागृह, दवाखाना यांच्या जोडीला गावच्या वस्तूंसाठी हाटही होता. सरकारच्या मनात ही कल्पना आहे. तुमचा थांबा त्या योजनेतला असो की खाजगी जमिनीवरचा असो, प्रवेशाची परवानगी देताना ही अट घालायला तुम्हाला कोण अडवतं? सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ मध्ये जाहीर झाला. तेव्हापासून आम्ही ऐकतो आहोत की पर्यटक येतील आणि गावात पैसा येईल. पर्यटक खरंच आले. आता त्यांनी जिल्ह्यात शिरून, जेवून, खरेदी करून एकाच कुंपणाच्या आतून परत जायचं, अशी सोय होते आहे.

पाण्याकडे तर कुणी बघितलेलंच नाही असं दिसतं. बाहेरच्या माणसाला वाटतं कोकणात पाऊस धो धो पडतो, पाण्याला काय तोटा. जांभ्याचा कातळ पाणी धरत नाही. जूनमध्ये घरात ओल येते आणि एप्रिल संपता संपता विहिरीच्या तळाशी कळशी खरवडते. मे महिन्यात आमच्या दोन वाड्यांना टँकर लागतो. त्याच महिन्यात चाकरमानी येतात, पर्यटक येतात, थांब्यावर गर्दीही तेव्हाच सगळ्यात जास्त असणार. रात्रंदिवस चालणारी स्वच्छतागृहं, आंघोळीची सोय, स्वयंपाकघर, गाड्या धुणं, या सगळ्याचं पाणी कुठून येणार? कुंपणाच्या आत बोअर मारलेली आम्ही पाहिली आहे. ती किती खोल आहे, भूजल खात्याने पाहणी केली का, हे कुणी सांगत नाही. भूजलासाठी राज्यात २००९ चा कायदा आहे, तो अशा वेळी नाही वापरायचा तर कधी? आणि सांडपाणी? थांब्याच्या मागे जो व्हाळ (ओढा) आहे, तो खाली आमच्या भातशेतीतून जातो आणि पुढे नळयोजनेच्या विहिरीजवळून वाहतो. सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा बसवली आहे की नुसता खड्डा खणला आहे, हे आम्हाला डोळ्यांनी पाहू द्या.

नोकऱ्यांबद्दल थोडंच लिहिते. ‘तुमच्या पोरांना काम मिळेल’ असं सगळेच सांगतात. काही मुलांची नावं लिहून नेली आहेत. पण कुठलं काम, किती पगार, भविष्य निर्वाह निधी आहे का, कामावर कंपनी ठेवणार की ठेकेदार, यातलं काहीही कागदावर नाही. झाडू मारण्यापुरती गावची माणसं आणि गल्ल्यावर बाहेरची, असं होऊ नये. आमच्या मुली पदवीधर आहेत, संगणक शिकलेल्या आहेत.

आणखी एक, रात्रीच्या खाजगी बसगाड्यांचं. बस कुठे थांबवायची हे प्रवासी ठरवत नाही, हे या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. चालक आणि क्लीनरला जेवण फुकट, वर काही हातावर ठेवलं, की बस तिथेच लागते. मोठ्या थांब्याला हे परवडतं. आम्हाला प्रवाशाच्या ताटातून ते वसूल करावं लागेल, ते आम्ही कधी केलं नाही आणि करणार नाही. निदान सगळ्यांनी दरफलक दर्शनी लावावा आणि शौचालय वापरायला खरेदीची सक्ती नसावी, एवढी अट तरी घाला. ती आम्हालाही लावा.

आता आमच्या मागण्या. या सगळ्या उद्घाटनापूर्वी पुऱ्या करता येण्यासारख्या आहेत.

१. थांब्याबद्दल विशेष ग्रामसभा बोलवा. १ मेच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय नव्हता. प्रवेशाची परवानगी, बांधकामाचा नकाशा, पाणी आणि सांडपाण्याची कागदपत्रं मराठीतून, सभेच्या आठ दिवस आधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. महामार्गाचे अधिकारी आणि कंपनीचे निर्णय घेऊ शकणारे प्रतिनिधी, दोघेही सभेला हजर असावेत.

२. थांब्याचा नवा मिडलकट उघडण्याआधी आमचा रखडलेला सर्व्हिस रोड मोरीच्या पुढे नेऊन पुरा करा. भुयारी रस्त्याचं काम सुरू करा, आणि ते होईपर्यंत शाळेसमोर रस्ता ओलांडायला सुरक्षित, दिवे असलेली जागा द्या. सर्व्हिस रोड झाला तर मिडलकटचा आमचा आग्रह नाही.

३. थांब्यात गावच्या मालासाठी पक्के गाळे राखून ठेवा. ते दर्शनी भागात असावेत, संडासाच्या मागे नकोत. भाडं बचत गटांना झेपेल इतकं, आणि विक्रीवर कमिशन नको. आमच्याबरोबर सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांना, पिंगुळीच्या चित्रकथी या लोककलेलाही तिथे जागा मिळावी. करार अकरा महिन्यांचा न करता निदान पाच वर्षांचा करा. ‘कोकणी मेवा’ म्हणून जे विकाल त्यावर करणाऱ्याचं नाव आणि गाव छापा.

४. उचललेल्या सरबतवाल्यांना महामार्गाच्या हद्दीबाहेर, सर्व्हिस रोडला लागून जागा ठरवून द्या. जमीन ग्रामपंचायत देईल, तशी आमची सरपंचांशी बोलणी झाली आहेत. तुमची फक्त परवानगी हवी.

५. थांब्याच्या दिशादर्शक फलकांसोबत गावातल्या खानावळी, गॅरेज आणि पंक्चरची दुकानं दाखवणारा एक फलक दोन्ही दिशांना लावा. खर्च आम्ही सगळे मिळून करू.

६. बोअरचं पाणी वापरण्याआधी भूजल खात्याकडून पाहणी करून घ्या आणि तिचा अहवाल गावाला द्या. मार्च ते मे बोअर बंद ठेवून बाहेरून पाणी आणा. पावसाचं पाणी साठवायला छप्पर मोठं आहे, ते वापरा. सांडपाण्याचा एक थेंब व्हाळात जाता कामा नये.

७. नोकरीच्या अटी लेखी द्या.

यातल्या कुठल्याही मागणीमुळे थांबा बंद पडत नाही. कंपनीचं नुकसान होत असेल तर ते काय आणि किती, हे सभेत येऊन मांडा, आम्ही ऐकून घेऊ. आम्ही रस्ता अडवणार नाही. गणपतीत घरी येणाऱ्या माणसांची वाट अडवणं आमच्या संस्कारात बसत नाही. पण ग्रामसभा न घेता आणि सर्व्हिस रोड पुरा न करता थांबा सुरू झाला, तर त्या मिडलकटपाशी सर्व्हिस रोडच्या बाजूला, रहदारीला त्रास न देता, आमच्या गटातल्या बायका साखळी उपोषणाला बसतील. तसं पत्र आम्ही तहसील कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात दिलेलं आहे, त्याची प्रत तुमच्याकडेही पाठवली आहे.

महामार्गावरून जाणाऱ्या वाचकांनाही एक विनंती आहे. मोठ्या थांब्यावर जरूर थांबा, पण तिथल्या व्यवस्थापकाला एकदा विचारा, हे आगळ कुठल्या गावातलं आहे. तुम्ही विचारलंत तर ते ऐकतील, आमचं अजून कुणी ऐकलेलं नाही.

ग्रामसभेसाठी आम्हाला कुठलाही वार चालेल, फक्त वेळ दुपारची ठेवा. सकाळी बायका शेतात असतात, आणि संध्याकाळी अंधारात तो रस्ता ओलांडून सभेला येणं म्हाताऱ्या माणसांना जमत नाही.

आपल्या लेखी उत्तराची वाट पाहते.

आपली विश्वासू,
महामार्गाच्या कडेची एक खानावळवाली
(गावातील महिला बचत गटाच्या वतीने)
जि. सिंधुदुर्ग